झुमऱ्यातल्या सात मात्रा

ही गोष्ट मी घरात कधी काढली नाही, बाहेर तर नाहीच. तुमच्यापाशी काढतो आहे. कुठून सुरू करू? रविवारांपासून करतो — ते सोपं आहे.

नव्वदच्या दशकात मी देवासला एका कारखान्यात हिशेब बघायचो आणि संध्याकाळी दिनकरकाकांच्या गाण्याला तबल्यावर ठेका धरायचो. काकांचं माळव्यात नाव होतं, गायकीवर दोन पुस्तकं छापून झाली होती. तरी साठी उलटल्यावर हा माणूस दर रविवारी इंदूरला बस बदलून धारला जायचा — माईंकडे, म्हणजे तिथल्या एका वयोवृद्ध गायिकेकडे, जुन्या बंदिशी शिकायला. नव्या शिष्यासारखा समोर बसून. सोबत मी. परतताना स्टँडवरचा पोहेवाला विचारायचा, "भिया, आज क्या सीखे?" काका त्यालाही नीट गाऊन दाखवायचे. तसे रविवार पुन्हा आले नाहीत.

मग धारलाच काकांची मैफल झाली. माई पुढे बसलेल्या. विलंबित ख्याल, ताल झुमरा — चौदा मात्रांचा. त्याच्या दोन्ही अर्ध्यांचा शेवट सारखाच वाजतो, म्हणून मोजणी सोडायची नसते. माझी कधी सुटली नव्हती. काका सगळ्यांना सांगायचे, "हा हिशेबाचा माणूस. ह्याची मात्रा हलायची नाही."

तेवढ्यात आमच्या कारखान्याचे साहेब आत आले. मी वाजवता वाजवता त्यांना मान लववली. का? — त्यांनी मला तिथे बसलेलं पाहावं म्हणून, दुसरं काय? आणि चौदाऐवजी सात मात्रा होताच मी सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, दिली. गाणं अजून अर्ध्या वाटेत होतं. काका थबकले, माझ्याकडे पाहिलं — आणि आपणच चुकलो असं धरून माझ्या समेवर येऊन मिळाले. मागे कुणीतरी हसलं.

"दिनकर, सम काय देवासला विसरून आलास?" माईंनी नंतर विचारलं.

"वय झालं, माई," काका म्हणाले.

मी तिथेच होतो, तबल्याला गवसणी घालत. तेव्हा बोलता आलं असतं ना? आलं असतं.

काका पुढे मैफलीत झुमरा कधीच गायले नाहीत. घरी मात्र तो पहिल्यापासून घोटायला बसले, मांडीवर बोटं मोजत — ठेक्याला मीच. "आता बरोबर येतंय ना रे?" ते विचारायचे. "येतंय," मी म्हणायचो. खोटं नव्हतं ते. आधीही बरोबरच येत होतं — एवढं मात्र मी सांगत नव्हतो.

तिसऱ्या पुस्तकात त्यांनी स्वतःबद्दल लिहिलं, "भर मैफलीत माझी सम चुकली, म्हणून या वयात ताल पुन्हा शिकलो." पुस्तक आलं, आणि काही वर्षांनी काका गेले.

परवा माझी मुलगी ते वाचत होती. हिंदी शाळेतली, मराठी अडखळत वाचते. त्या ओळीपाशी थांबली. "बाबा, इतके बडे गायक, आणि त्यांची सम चुकली?"

"लिहिलंय ना तसं," मी म्हणालो.

काकांची सम चुकली नव्हती. सात मात्रा मी खाल्ल्या.