आत्याबाईंच्या मांडीवर माझे पाय

"सर्क्युलेशन फार कमी आहे," बेळगावच्या कॅम्पातले डॉक्टर माझं पाऊल हातात धरून म्हणाले. सर्क्युलेशन म्हणजे अंगात रक्ताचं फिरणं. माझ्या पायांच्या बोटांपर्यंत ते नीट पोहोचतच नव्हतं. त्यांनी टाचणी टोचली आणि विचारलं, "कळलं?" मी विचारलं, "काय?"

थंडी पडली की माझी बोटं आधी पांढरी पडत, मग निळी. बाळंतपणात वारं शिरलं असेल, असं आमच्या निपाणीत सगळे म्हणत आणि मीही तेच धरून बसले होते. पाय बधिर झाले म्हणून सांगावं तर सून कामचुकार आहे असं घरच्यांना वाटायचं. ज्या बायका असं अंगावर काढत असतील त्यांनी काढू नये, एवढ्यासाठीच हे लिहिते आहे.

डॉक्टरांनी मशेरी बंद केली. आमचे हे तंबाखूच्या वखारीत कामाला, आणि त्यांच्याच घरात मशेरी बंद! पण ते जमलं. मला न जमण्यासारखी गोष्ट त्यांनी माझ्या सासूबाईंना सांगितली; त्यांना मी आत्याबाई म्हणते. "पायांना ऊब द्या, शेक देऊ नका. हिला सेन्सेशन नाही, म्हणजे चटका लागला तरी समजणार नाही." मग आपल्या कानडीत म्हणाले, "बेच्चगे, बिसी अल्ल." उबदार हवं, कढत नको. आत्याबाईंचं माहेर चिकोडीकडचं. त्यांना ते बरोबर समजलं.

घरी आल्यावर त्यांनी माझ्या कमरेला जुनं लुगडं गुंडाळलं, कारण पोट गार तर पायही गार, असं डॉक्टर म्हणाले होते. लोकरीचे मोजे घातले, वरून घोंगडं टाकलं. आणि मग खाली बसून माझे दोन्ही पाय उचलून सरळ मांडीवर घेतले, पदराखाली, पोटाशी.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चुकून सासूला पाय लागला तरी वाकून नमस्कार करायचा, ही आमची शिकवण. मी पाय ओढायची, पुन्हा पुन्हा हात जोडायची.

"दर खेपेला पाया पडत बसलीस तर पाय कवा तापायचं गं?" आत्याबाई वैतागल्या. "गप पडून ऱ्हा."

गप पडून राहत होते, पण आतून जळत होते. त्यांचे गुडघे धरलेले. बसताना "अगं आई गं" म्हणायच्या आणि ते ऐकलं की मला माझ्याच पायांचा राग यायचा. कुठल्या जन्माचं पाप मी यांच्या मांडीवर ठेवते आहे, असं वाटायचं.

एका दुपारी त्या बाजारला गेल्या. मनात आलं, त्या यायच्या आत पाय तापवून ठेवले तर त्यांना बसावं लागणार नाही. शेगडीत निखारे घातले आणि पाय जवळ धरले. काहीच जाणवेना, म्हणून आणखी जवळ नेले. काही वेळानं करपल्याचा वास आला. बसायच्या गोणपाटानं पेट घेतला असेल म्हणून मी इकडेतिकडे बघू लागले. वास माझ्या पायाचा होता.

पुन्हा बेळगाव, या खेपेला दवाखान्यात भरती. डाव्या पायाची करंगळी काळी पडली होती. "गँगरीन," डॉक्टर म्हणाले. म्हणजे रक्त न मिळाल्यानं मांस मरतं आणि कुजत जातं. काळेपणा वर चढला तर पाऊल काढावं लागेल. मग त्यांचा आवाज चढला. "शेक कुणी दिला? मी बजावलं होतं ना?"

मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "मीच दिला, डॉक्टरसाहेब. म्हातारपण, इसरले."

साऱ्या वॉर्डासमोर डॉक्टर त्यांना नाही नाही ते बोलले. त्या खाली मान घालून उभ्या होत्या. मला खरं सांगायचं होतं, पण मी पदरात तोंड लपवलं. ते गेल्यावर मी रडायला लागले.

"तुला बोलले असते तर माफी मागत मागत तू पाय कापून दिला असतास," त्या म्हणाल्या. "मला बोलले तर माझं काय झडलं?" मग म्हणाल्या, "माझ्या मांडीपरीस तुला शेगडी बरी वाटली व्हय गं?"

त्यांना राग आला नव्हता, वाईट वाटलं होतं. माझ्या मर्यादेनं त्यांचा मान राखला जातो, असं मी धरून चालले होते. त्यांना मी परकं केलं होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

करंगळी काढली. रोज पट्टी सोडताना आम्ही दोघी काळी रेघ कुठवर आली ते बघायचो. ती वर चढली नाही. पाऊल वाचलं. सुट्टी मिळायच्या दिवशी मी डॉक्टरांना खरं सांगितलं. त्यांनी आत्याबाईंना हात जोडले.

ज्यांच्या पायांना असं झालंय त्यांनी शेगडी, तापलेली वीट, कढत पाणी यांच्यापासून लांब राहावं. आणि घरातलं कुणी ऊब द्यायला बसलं, तर घ्यावी.

घरी आलो त्या संध्याकाळी गार वारं सुटलं होतं. आत्याबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. त्या आपणहून उठण्याची वाट न बघता मी हाक मारली. "आत्याबाई, माझे पाय गार पडलेत."

त्यांनी पिठाचे हात परातीतच झाडले. "आले, आले," म्हणाल्या, आणि तवा तसाच चुलीवर ठेवून आल्या.