विहिरीतला मुलगा

नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी नऊ वाजता मी चर्चमध्ये मुलांचा वर्ग घ्यायचे, आणि नेमकी त्याच वेळी टीव्हीवर मुलांची मालिका लागायची. लाइट गेली की माझा वर्ग भरायचा. एरवी पोरं थेट साडेदहाच्या उपासनेला, आईबापांबरोबर उगवायची. शेवटी चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "बाई, या महिन्यात मुलं आली नाहीत तर वर्ग बंद करू. आणि जरा टीव्हीविरुद्ध बोला." वर्ग मला बंद होऊ द्यायचा नव्हता. पण जे कधी धड बघितलंच नाही त्याला नावं ठेवणं मला जमणारं नव्हतं.

एका रविवारी मी वर्गाला सरळ सुटी दिली आणि गंगापूर रोडला एका विद्यार्थ्याच्या घरी पोरांमध्ये मांडी घालून बसले. माझ्यासमोर एकमेकांना चिमटे काढणारी हीच कार्टी, पण इथे हूं की चूं नाही! नायक कड्याला लोंबकळत असताना भाग संपला. तो वाचणार की नाही, यावरून पोरं फाटकापर्यंत भांडत गेली आणि माझी ट्यूब पेटली. आमच्या वर्गाचा रिवाज असा, की गोष्ट, बोध, पाठ करायचं वचन आणि प्रार्थना, सगळं तासाभरात आटोपायचं. घरी न्यायला पोरांकडे काही उरतच नव्हतं.

पुढच्या रविवारी आलेल्या मूठभर मुलांना मी शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, गोष्ट सांगितली. बापाच्या लाडक्या मुलाचा रंगीत अंगरखा भाऊ हिसकावतात आणि त्याला कोरड्या विहिरीत टाकतात. तिथेच थांबले. बोध नाही, वचन नाही.

मग उपासना सुरू झाली. कुणाला कशासाठी प्रार्थना हवी, असं पाळकसाहेबांनी विचारलं, तर माझ्या वर्गातली एक चिमुरडी उभी राहिली. "एक मुलगा विहिरीत पडलाय. त्याच्या भावांनीच टाकलंय."

बायकांनी तोंडाला पदर लावले. मागच्या बाकावरचे एक काका दोर आणायला उठलेसुद्धा.

"कुठली विहीर गं बाळा?"

"आमच्या बाईंना माहितीये."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला हसू येत होतं आणि घामही फुटला होता. पाळकसाहेबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं असावं. मला वाटलं, आता वर्ग गेला. पण त्यांनी काकांना खाली बसवलं आणि म्हणाले, "त्या मुलासाठी प्रार्थना करू या." सगळ्यांनी डोळे मिटले. बाहेर पडताच मालिका बघून आलेल्या पोरांनी मला गराडा घातला. मी एवढंच सांगितलं, "पुढच्या रविवारी. नऊ वाजता."

त्या रविवारी लाइट होती, तरी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. चिमुरडी पहिल्या रांगेत बसली होती, पाळकसाहेब दाराशी उभे होते.

"बाई, आज त्याला बाहेर काढा," ते म्हणाले. "हिने आठवडाभर माझा पिच्छा पुरवलाय."

मी काढलं. आणि लगेच उंटांवरून आलेल्या व्यापाऱ्यांना विकून वर्ग सोडला.