खांबाला गाल लावणारे मामा

नगरच्या एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुतारमामांचं दुकान आहे. दारं-खिडक्या ते पोटासाठी करतात, खो-खोचे खांब मात्र हौसेनं. मी शाळेत खेळ शिकवते, त्यामुळे आमची गाठ नेहमीची. बोलणं थोडं, तेही लाकडाकडं बघत. खांब तासून झाला की त्यावर ते डोळे मिटून गाल फिरवतात. एकदा मी कारण विचारलं, तर म्हणाले, "हाताला घट्टे पडलेत, मॅडम. गालाला लाकडाची टोचणारी बारीक कूसबी कळती."

परवा आमच्या शाळेच्या मुलींचा अंतिम सामना होता. पाहुणे म्हणून आलेले साहेब मंचावर बसले होते. पंच शिट्टी वाजवणार, तोच मामा मैदानात शिरले आणि खांबाला गाल लावून म्हणाले, "थांबा. हितं कूस निघालीय."

"अहो, साहेबांना पुढं जायचंय!" संयोजक चिडले.

"मग जाऊ द्या त्यास्नी. पळत्या पोरीच्या हातात कूस घुसली, तर तुमी काय करनार?"

संयोजक बाजूला सरले. मामा काचपेपर घेऊन शांतपणे खांब घासत बसले. सगळं मैदान थांबलं, साहेबसुद्धा.

खेळ सुरू झाला. आमची कर्णधार भरधाव आली, एका हातानं खांब धरून तिनं अंग झोकून दिलं आणि समोरची पळती मुलगी टिपली. टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारच्या अनोळखी बाईंना मी, त्यांनी काही विचारलं नसताना, सांगितलं, "तो खांब आमच्या मामांनी केलाय."