कुलपाखालचं कारण

मल्लिनाथ गेल्याची बातमी कॉलेजच्या ग्रुपवर आली आणि सगळ्यांत आधी हात जोडलेलं चित्र टाकलं ते आमच्या संचालकांनी. मला किळस आली. सात रस्ता चौकातल्या सिग्नलला गाडी बंद करून मी तसाच उभा राहिलो, मागून हॉर्न वाजत राहिले...

मल्लिनाथ आमच्या कॉम्प्युटर लॅबचा प्रमुख. घरी कन्नड, लॅबमध्ये मराठी, वैतागला की दोन्ही. लॅबमध्ये त्यानं लिनक्स सिस्टीमचा असा प्रकार बसवला होता, की प्रत्येक प्रोग्राम मूळ कोडपासून आपल्याच मशीनवर बनवायचा. त्याला तासन्‌तास लागत. पंखे घोंघावू लागले की हा चहा मागवायचा. ज्या प्रोग्रामची खात्री नसते त्याला ही सिस्टीम सांभाळणारे लोक कुलूप घालतात आणि खाली कारण लिहितात. कुलूप काढायला एक ओळ पुरते. पण कुणी काढायला बसलं, की मल्लिनाथ खुर्चीमागं येऊन उभा राहायचा. “कारण मोठ्यानं वाच की आधी. काढायचं का न्हाय ते मग बघू.” आम्ही प्राध्यापक मंडळी शाळकरी पोरांसारखी वाचायचो. मला तर रागच यायचा.

अनुराधा या विद्यार्थिनीसाठी मात्र त्यानं स्वतः एक कुलूप काढलं. तिला दिसत नाही. स्क्रीनवरचं मराठी वाचून दाखवणारा प्रोग्राम तेव्हा कुलपात होता. यानं कारण वाचलं, बरेच दिवस स्वतः वापरून पाहिला, मगच तिच्या मशीनवर घातला. त्या आवाजाच्या भरवशावर ती परीक्षा देणार होती.

मग तपासणी समिती यायची ठरली आणि संचालकांना सगळं ‘लेटेस्ट’ हवंसं झालं. मल्लिनाथ लग्नाला अक्कलकोटला गेला होता. तेवढ्यात संचालकांच्या भाच्यानं एका ओळीत सगळीच कुलपं काढून टाकली. अशी सरसकट काढली की कारणं दिसतच नाहीत. त्यासरशी न तपासलेल्या नव्या आवृत्त्या बसल्या आणि परीक्षेला अनुराधाचं मशीन मुकं. बिचारी हेडफोन लावून वेळ संपेपर्यंत बसून राहिली. भाच्याचा सत्कार झाला, मेमो मल्लिनाथला मिळाला. तो मेमो खिशात घेऊन हिंडायचा. पुढं हृदयानं दगा दिला...

शोकसभेत संचालक म्हणाले, मल्लिनाथनी विद्यार्थ्यांसाठी सगळी दारं उघडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या. मी बाहेर येऊन नळावर चूळ भरली, तरी तोंडाची कडू चव जाईना.

गेल्या आठवड्यात मी त्याच्या लॅबमध्ये बसून भाच्याची ती ओळ पुसली. अनुराधाची फेरपरीक्षा जवळ आली आहे, ती शेजारीच होती. आवाजाचा प्रोग्राम पुन्हा बनवायला सांगितला, तर मशीननं त्याच्या नव्या आवृत्तीवर कुलूप दाखवलं. मागं कुणी उभं नव्हतं, तरी मी कारण मोठ्यानं वाचलं. काही मशीनवर आवाज पूर्ण बंद पडतो, तूर्त बसवू नये.

अनुराधानं हातातला हेडफोन खाली ठेवला.

“सर, म्हणजे हे तिथं लिहिलेलंच होतं की.”

“होतं.”

मी कुलूप तसंच ठेवलं आणि मल्लिनाथनं वापरून पाहिलेली जुनी आवृत्ती बनवायला लावली. पंखे घोंघावू लागले. अनुराधानं मान वळवली, माझ्या खुर्चीच्या मागं, तो उभा राहायचा तिकडं.