तीन शिट्यांची शांतता

भिडेकाकांकडे जेवायला गेलं की पानात पहिल्यांदा शांतता वाढली जायची. ऐंशीच्या दशकात इंग्लंडातल्या लेस्टरमधले आम्ही मराठी डॉक्टर रविवारी दुसरीकडे जाणार तरी कुठे? पडदे ओढले जात, प्रोजेक्टर लागे आणि भिंतीवर ऑस्ट्रियातल्या एका उंचावरच्या दरीतलं गाव उमटे. "हे जानेवारीतलं," काका सांगत. खट्. "आणि हे जुलैतलं." तोच डोंगर, तेच बाकडं आणि कोपऱ्यात बोटाएवढ्या सुमनकाकू. जानेवारीत ओव्हरकोट, जुलैत कार्डिगन. "डोंगर केवढा आहे ते कळावं म्हणून हिला तिथं उभं केलंय." मग काकांचं बोट वर जाई. "आता ऐका. काही ऐकू येतंय का?" स्लाइडमधून काय ऐकू येणार, कपाळ? "नाही ना? अॅब्सोल्यूट सायलेन्स. तेच ऐकायला जातो आम्ही."

काका कान-नाक-घशाचे कन्सल्टंट, मी त्यांच्याच हॉस्पिटलात ज्युनियर डॉक्टर होते. वर्षभर ते लोकांना ऐकू यावं म्हणून खपत आणि वर्षातून दोनदा, स्वतःला काही ऐकू येऊ नये म्हणून, अर्धा युरोप गाडी हाकत. "डोव्हर बंदरापासून थेट दारापर्यंत हे शांततेवरच बोलत असतात," काकू सांगायच्या.

सामानात काकूंचा प्रेशर कुकर असे. पहिल्याच हिवाळ्यात त्यानं घोटाळा केला. बर्फानं सगळी दरी चिडीचूप, आणि त्यात पहिली शिटी झाली. हिमकडा कोसळल्याचा भोंगा समजून ज्यांच्याकडे खोली घेतली होती त्या घरमालकीणबाई कोट चढवून अंगणात आल्या, पाठोपाठ शेजारची दोन घरं रिकामी झाली. हे यंत्र पुन्हा वाजलं तर खोली मिळणार नाही, असं बाईंनी बजावलं.

काकांचं धाबं दणाणलं. "सुमन, ते डबडं राहू दे. वरण उघड्या पातेल्यात कर. व्हॉट्स द प्रॉब्लेम?" प्रॉब्लेम असा की तेवढ्या उंचीवर तीन तास उकळूनही डाळ शिजेना. काकांनी दोन दिवस ती टणक डाळ चावली आणि बाहेर येऊन शांततेची तारीफ केली. तिसऱ्या दिवशी काकू बोलल्या, "अहो, तुमच्या शांततेला वरण-भात लागतो ना? मग मी बघते."

काकूंना जर्मन येत नव्हतं आणि बाईंना इंग्रजी. हातवारे करून दोघींनी तोडगा काढला. दुपारी बाराला चर्चची घंटा अख्खी दरी दणाणून सोडायची. कुकर तेव्हाच वाजवायचा, म्हणजे शिट्या कुणाला कळणारच नाहीत. त्यानंतर वर्षानुवर्षं, हिवाळा असो की उन्हाळा, काकू घड्याळ बघून गॅस पेटवत आणि खिडकीतून सांगत, "अहो, शिट्या मोजा." काका बाकड्यावर बसून मोजत आणि दर वेळी चुकत.

"दोन झाल्या."

"तीन झाल्या. तुम्ही बोलत होता."

नव्वदनंतरच्या एका मार्चमध्ये काकू अचानक गेल्या. हार घालायला फोटो शोधला, तर त्या शेकडो स्लाइड्समध्ये काकू कुठेच बोटापेक्षा मोठ्या नव्हत्या. मला त्या दिवशी काकांचा फार राग आला. अजूनही थोडा आहे.

जुलैचं बुकिंग काकांनी कॅन्सल केलं नाही. त्यांना एकटं कसं सोडायचं म्हणून गाडी मी चालवली. डोव्हरपासून दारापर्यंत काका एक अक्षर बोलले नाहीत. कुकर त्यांनी स्वतः सामानात घेतला होता, पण गॅसवर काही चढवला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाकड्यावर बसलो होतो. बारा वाजले, घंटा सुरू झाली. घरमालकीणबाई अंगणात आल्या आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत उभ्या राहिल्या. काकांनी हळूच बोट वर केलं.

"ऐक. काही ऐकू येतंय का?"

घंटेच्या आवाजानं बाकड्याची फळी थरथरत होती.

"नाही, काका," मी म्हणाले.