गाद्यांच्या गोदामातला आवाज

"पुसलं म्हणजे गेलं न्हाई, काका," असं म्हणत बाई माझ्या गोदामात भिंतीवर लावलेल्या कागदावर तळहात फिरवायच्या. आत्ताच कोळशानं काढलेला हात अर्धा पुसायच्या, जरा वर सरकवून पुन्हा काढायच्या. त्यांचा नवरा समोरून फोटो घ्यायचा. पुन्हा पुसायचं, पुन्हा काढायचं, सगळं एकाच कागदावर. ते फोटो भराभर फिरवले की कागदावरची बाई कोयता उचलायची आणि तिच्यामागे आधीच्या हातांचे डाग धुरासारखे रेंगाळायचे.

माझं शहागडला मंडप डेकोरेशनचं दुकान आहे. हायवेवर ट्रकचे हॉर्न थांबत नाहीत. अख्ख्या गावात शांत जागा एकच, माझं गोदाम, कारण तिथं छतापर्यंत गाद्या आणि लोड रचलेले असतात. बाई शाळेत तासिकेवर चित्रकला शिकवायच्या. एका दुपारी आल्या, गाद्यांमध्ये उभं राहून टाळी वाजवून पाहिली आणि म्हणाल्या, "इथं आवाज बराबर येईल, काका."

"लग्नसराईत गाद्या बाहेर जातात. तेव्हा मला बोलायचं न्हाई," मी आधीच सांगितलं होतं. तरी त्या बोलल्याच. लग्नाच्या तिथींना शिव्या देणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

तिथं त्यांनी आपल्या माहितीपटासाठी ऊसतोडीला जाणाऱ्या एका बाईचं बोलणं रेकॉर्ड केलं. कुणी आत येऊ नये म्हणून मी दारात बसलो होतो. पोट दुखतं म्हणून ती डॉक्टरकडं गेली, तर त्यानं भीती घालून तिची गर्भाची पिशवीच काढली. वय काय, तर पोरंबाळं व्हायचं. मुकादम म्हणाला, बरं झालं, आता खाडे पडणार नाहीत. हे सगळं ती बाजारातला भाव सांगावा तसं सांगत होती. रडत नव्हती. माझ्याच डोक्यात सणक गेली.

"नाव न्हाई यायला पाहिजे बाई," ती शेवटी म्हणाली. "मुकादमाला कळलं तर आमच्या नवरा-बायकोच्या जोडीला कुणी कामाला न्हाई नेणार."

"तुझं नाव कुणालाच कळणार न्हाई," बाई म्हणाल्या आणि काळा हात तिच्या हातावर ठेवला.

म्हणून तो माहितीपट चित्रांचा झाला. चेहरा कुणाचाच नाही. नवऱ्यानं कॉम्प्युटरवर आवाजसुद्धा थोडा बदलला.

मग परदेशातल्या एका महोत्सवात त्याला बक्षीस मिळालं, पेपरात दोघांचा फोटो आला, आणि गावाला बाईंबद्दल एकाएकी उमाळा फुटला. 'कोळसा बाई' म्हणून हसणारेच हार घेऊन धावले. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर पुढाऱ्यांची तोंडं परातीएवढी, बाईंचं बटणाएवढं. सत्काराचा मंडप माझाच होता, माइकही माझाच. भाषणांवर भाषणं झाली आणि शेवटी फिल्म दाखवायला वेळच उरला नाही! तुम्हीही असे सत्कार पाहिले असतील. ज्याच्यासाठी जमायचं, तेवढंच राहून जातं.

फ्लेक्सवरच्या पुढाऱ्यांतले मोठे साहेब बोलायला उठले. कुणीतरी त्यांच्या कानाला लागलं होतं.

"ज्या माउलीची ही कहाणी हाय, ती इथंच बसलीय अशी माझी माहिती हाय. उठा माउली, लाजू नका. साडीचोळी आणलीय तुमच्यासाठी."

बायकांच्या बाजूला माना वळायला लागल्या. कडेला मुकादम उभा होता, टाचा उंचावून बघत होता. ती खरंच तिथं होती. पदर दातात धरून खाली बघत बसली होती. माइक बंद करायला माझा हात मशीनकडं गेला, पण त्याआधीच बाईंनी माइक साहेबांच्या हातातून ओढून घेतला.

"कुणी उठायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "ती मीच हाय. माझीच पिशवी काढलीय. द्या साडी."

सगळ्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. लग्नाला जेमतेम दोन वर्षं झालेली. तो उठला आणि बायकोशेजारी जाऊन उभा राहिला. साहेबांनी साडी दिली, फोटोही काढून घेतला.

नंतर या गावानं जे केलं, त्याची मला आजही चीड येते. बाईंच्या सासरी फोन गेले. शाळेनं त्यांचे तास दुसऱ्याला दिले. मुलांवर परिणाम होतो म्हणे. कसला परिणाम? पिशवी काढणाऱ्या डॉक्टरला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. एक गृहस्थ माझ्या दुकानात बसून म्हणाले, "स्वतःचं दुखणं विकून बक्षीस घेतलं." त्यांच्या मुलीच्या लग्नाचं काम माझ्याकडं होतं. मी त्यांना सांगितलं, मंडप दुसरीकडं बघा.

"बाई, खरं सांगून टाका," मी एकदा चिडूनच म्हणालो.

"मी न्हाई म्हणलं की लोक परत शोधायला लागतील, काका."

दिवाळीआधी दोघं सामान टेम्पोत घालून गेली. कागद गोदामाच्या भिंतीवरच राहिला. जाताना बाईंनी ती साडी माझ्या हातात दिली. "ही जिची तिला द्या."

ऊसतोडीचे ट्रॅक्टर निघाले त्या सकाळी ती ऊसतोडीची बाई गोदामात आली. बाई गेल्याचं मी सांगितलं. ती भिंतीवरच्या कागदासमोर उभी राहिली. शेवटचं चित्र तेवढं पुसायचं राहिलं होतं: पाठमोरी बाई, खांद्यावर कोयता.

"मीच का ही?"

"तूच."

मी साडी पुढं केली. तिनं काठावरून बोट फिरवलं आणि साडी परत माझ्या हातात ठेवली.

"सगळ्या गावानं बघितलीय ही. नेसले तर वळखतील." मग जरा थांबून म्हणाली, "बाई भेटल्या तर सांगा, आमच्या जोडीला यंदाबी नेऊन राह्यले."

बाहेर मुकादम हॉर्न वाजवत होता. ती पळतच गेली आणि ट्रॉलीत चढली. साडी अजून गाद्यांवर पडून आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही.