वरण वाटीबाहेर पडलं त्याची गोष्ट

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. बारसं असो, साखरपुडा असो, जेवणं आटोपली की कुणीतरी म्हणतंच, "वहिनी, ती वरणाची सांगा ना!" की मी सुरू. पुतणीच्या केळवणाला आमच्या सासूबाई त्यांच्या होणाऱ्या नातजावयाला वाढत होत्या. वरण वाटीत पडायचं सोडून वाटीच्या शेजारी, ताटात. तो बिचारा "आजी, बास, बास" म्हणतोय आणि आजी वाढतायत! इथे मी पळी धरल्याची नक्कल करते. लोक हसून लोळतात. सासूबाईही हसतात.

पोटापाण्यासाठी मी घाटकोपरच्या एका आरोग्य केंद्रात समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना शिकवते. तिथे डॉक्टर, नर्स आणि आम्ही, सगळे मिळून एकाच माणसाकडे बघतो. शुगर एका खोलीत आणि घरचं दुःख दुसऱ्या खोलीत, असं नाही. मुलांना खऱ्या पेशंटपुढे बसवण्याआधी खोट्या पेशंटवर सराव करायला लावतो. खोटे पेशंट घरूनच न्यावे लागतात. गेल्या वर्षी नवऱ्याला नेलं होतं. त्याने मुलांनाच व्यायामावर भाषण दिलं. म्हणून या वेळी सासूबाई.

मुलुंडहून रिक्षात बसल्यावर त्यांच्या हातात मी भूमिकेचा कागद दिला.

"तूच वाच. चष्मा घरी राहिला."

मी वाचलं. आजी, मधुमेह, गोळ्या चुकवतात, सुनेशी पटत नाही.

"शेवटचं पाठ करायला नको," त्या म्हणाल्या. रिक्षावालासुद्धा हसला.

वर्गात त्यांच्यासमोर बोरिवलीची एक बारीकशी मुलगी बसली. मी शिकवलं होतं, थेट गोळ्यांवर जायचं नाही, आधी माणसाचा दिवस विचारायचा. तिने विचारलं, "आजी, पूर्वी रोज करायचात आणि आता सोडून दिलंत, असं काही आहे का?"

सासूबाई म्हणाल्या, "तांदूळ निवडणं सोडलं गं. खडा दिसत नाही. पेपर सोडला. गॅलरीतून खाली कोण आलं ते आवाजावरून ओळखते. वाढायला घेतलं तर वाटी सापडत नाही."

मी मागून ओरडले, "आई, डोळ्यांचं नव्हतं हं आपल्या कागदात! गोळ्यांवर या!"

वर्ग हसला. ती मुलगी हसली नाही. "आजी, उजवा डोळा हाताने झाका बरं. आता सांगा, माझ्या हातात काय आहे?"

त्यांच्या चेहऱ्यापुढे तिने पेन धरलं होतं. सासूबाईंनी मान इकडून तिकडे फिरवली. "हात कुठेय तुझा?"

मला रिक्षातलं ते चष्म्याचं बोलणं आठवलं. चष्मा त्यांच्या पर्समध्ये होता. मीच सकाळी ठेवला होता. आळशी झाल्यात म्हणून नणंदेकडे चुगली करून झाली होती, पेपरवरून टोमणे मारून झाले होते. घरात त्यांच्या शुगरचे रिपोर्ट फ्रिजला चिकटवणारी मी, आणि रोज सकाळी त्यांच्या समोर बसून चहा पिणारीही मीच.

डोळ्यांचे डॉक्टर वरच्या मजल्यावरच बसतात. त्यांनी बघितलं. मधुमेहाने डावा डोळा जवळजवळ नेला होता. उजव्यातही सुरुवात झाली होती, पण लेझरने तो टिकेल म्हणाले. "आणखी थांबला असतात तर..." एवढं बोलून ते कागदाकडे वळले.

बाहेर बाकावर मी विचारलं, "आई, मला का नाही सांगितलंत?"

"तुला? तू त्याची गोष्ट केली असतीस."

मी त्यांच्या पर्समधला चष्मा काढून त्यांच्या हातात दिला.

"आणि तुम्ही सगळ्यांनी वाढणंही काढून घेतलं असतंत. मग मी काय, कुंडीशेजारी बसू?" त्या म्हणाल्या. नंतर माझा दंड धरून उठल्या. डाव्या बाजूने चालायचं हे मला तेव्हा कळलं, कारण त्यांनीच मला तिकडे ढकललं.

उजव्या डोळ्याचं पहिलं लेझर झालं त्या संध्याकाळी नणंदेचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. तिला अजून काही सांगितलं नव्हतं. तिच्याकडे पाहुणे होते. "वहिनी, यांना ती वरणाची सांग ना गं!"

मी फोन टेबलावर ठेवला. सासूबाईंनी हात पुढे केला. फोन सापडेपर्यंत टेबल चाचपलं, मी मध्ये पडले नाही.

"आज मी सांगते," त्या म्हणाल्या. केळवण, नातजावई, "बास, बास", सगळं माझ्याहून छान रंगवलं. पलीकडे खो खो हसणं चाललं होतं.

"अगं," त्या पुढे म्हणाल्या, "मला ती वाटी दिसलीच नव्हती."

पलीकडचं हसणं थोडा वेळ चालू राहिलं. मग नणंदेने पाहुण्यांना गप्प केलं आणि म्हणाली, "आई, म्हणजे?"